तांब्याची झळाळी आणि घासलेली चकाकी



मागील लेखात आपण चांदीच्या रुपयाचे वजन व शुद्धता यांचा विचार केला. त्यानंतर आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे. घरातील जुन्या डब्यात तांब्याची नाणी निघाली, ती काळवंडली आहेत, चिंचेने घासून स्वच्छ करावीत काय? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : नको. परंतु कारण कळल्याखेरीज नकार पटत नाही, आणि दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाआधी तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या ढिगात नाण्यांचीही मूठ पडते, हे आपण सारेच पाहत आलो आहोत. भांडे घासल्याने त्याचे काही जात नाही. नाण्याचे जे जाते ते परत येत नाही. म्हणून आजचा लेख तांब्याच्या नाण्याची झळाळी ओळखावी कशी, या एकाच विषयाला वाहिला आहे.

प्रथम दोन शब्द वेगळे करून ठेवू. टाकसाळीतून नाणे निघते तेव्हा त्याच्या अंगी जे तेज असते त्यास आपण ‘झळाळी’ म्हणू. पुढे कोणी पूड, आम्ल किंवा फडके वापरून जी आणली जाते तिला ‘चकाकी’ म्हणू. व्यवहारात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि बहुतेक फसवणूक नेमकी याच गोंधळावर उभी असते.

झळाळी निर्माण होते ती अशी. तांब्याची कोरी चकती दोन पोलादी ठशांच्या मधे ठेवून प्रचंड दाबाने ठोकली जाते. त्या क्षणी धातू घन असूनही दाट काकवीप्रमाणे मध्याकडून कडेकडे सरकतो आणि ठशातील अक्षरांच्या व चित्राच्या पोकळ्यांत शिरतो. या सरकण्याच्या खुणा पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषांच्या रूपाने राहतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण प्रकाश त्यांवरून परावर्तित होतो तेव्हा त्यांचे अस्तित्व कळते. नाणे दिव्याखाली हळूहळू कलते केले की प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेपर्यंत बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे उमटतात आणि नाणे फिरेल तसे तेही फिरू लागतात. हा फिरता प्रकाश म्हणजेच झळाळी.

या रेषा इतक्या उथळ असतात की बोटांच्या घर्षणानेही त्या झिजतात, मग राख, लिंबू वा भांड्यांची पूड यांची गोष्ट तर दूरच. त्या एकदा पुसल्या गेल्या की पृष्ठभाग चमकतो खरा, परंतु आरशाच्या तुकड्यासारखा एकसाची चमकतो. प्रकाश फिरत नाही, एका जागी थबकतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर झळाळीच्या खात्यात जमा एकदाच होते, टाकसाळीच्या दिवशी. त्यानंतरच्या साऱ्या नोंदी नावेच्या बाजूच्या. शिल्लक किती उरली आहे एवढेच आपल्याला पाहता येते.

परीक्षेची रीत

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्वांत सहज आढळणारे नाणे घेऊ : पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकसारखे चलन आले, तेव्हा तांब्याच्या पाव आण्याचे वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम ठरले. त्याच्या एका बाजूस कंपनीचे मानचिन्ह व दुसऱ्या बाजूस पर्णमालेत इंग्रजी मूल्य असे. १८६२ पासून मानचिन्हाच्या जागी राणी व्हिक्टोरियाचा मुकुटधारी मुखवटा आला. १९०६ मध्ये शुद्ध तांबे सोडून त्यात थोडे कथील व जस्त मिसळलेल्या काशाचा वापर सुरू झाला आणि वजनही कमी झाले. म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळातील पाव आणा हा तांब्याच्या परीक्षेसाठी उत्तम धडा आहे.

टेबलावर घडी केलेला मऊ पंचा पसरावा, म्हणजे नाणे निसटले तरी इजा होणार नाही. नाणे अंगठा व तर्जनी यांच्यात फक्त कडेने धरावे. बोटांच्या घामात मीठ असते. त्याचा ठसा आज दिसला नाही तरी काही महिन्यांनी तपकिरी रेघोट्यांच्या रूपाने उमटतो आणि मग जात नाही. खोलीतील ट्यूबलाइट बंद करावी. तिचा पसरट उजेड सर्व दोष झाकतो. टेबलावरचा एकच दिवा ठेवून त्याच्या प्रकाशात नाणे सावकाश कलते करावे व फिरवावे. जवाहिरे वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असावे, परंतु आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. संपूर्ण नाणे पाहण्याआधी भिंग लावले तर मनुष्य एका ओरखड्यात अडकून पडतो.

पहिला प्रश्न : प्रकाश फिरतो काय? येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. झळाळी आणि लाल रंग या दोन भिन्न बाबी आहेत. तांब्याचा पृष्ठभाग हवेशी संयोग पावून प्रथम लालसर तपकिरी व पुढे गडद तपकिरी होतो. परंतु हे पुट इतके पातळ असते की त्याखालील रेषा शाबूत राहू शकतात. असे पूर्ण तपकिरी नाणेही दिव्याखाली फिरवले असता त्यावरून आऱ्या धावताना दिसतात. उलट लालभडक नाणे अगदी मृत असू शकते.

दुसरा प्रश्न : उंचवट्यांवर काय दिसते? नाणे हातोहात फिरते तेव्हा सर्वांत आधी झिजतात ते उंच भाग. राणीच्या मुखवट्यावर गाल, कानाजवळील केस व मुकुटाचे उठाव पाहावेत. कंपनीच्या पाव आण्यावर मानचिन्हातील सिंहांची अंगे व ढाल पाहावी. फिरता प्रकाश गालापाशी येऊन तुटत असेल आणि तेथे मंद, करडट तपकिरी डाग दिसत असेल, तर नाणे व्यवहारात वापरले गेले आहे. सपाट भागावर आऱ्या दिसल्या म्हणून ते कोरे ठरत नाही.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक : लाली कोठे उरली आहे? नैसर्गिकरीत्या काळवंडलेल्या नाण्यात लाली आडोशाला टिकते. अक्षरांच्या पायथ्याशी, पर्णमालेच्या पानांमधे, कडेच्या कोपऱ्यात ती सापडते, आणि मोकळा सपाट भाग आधी तपकिरी होतो. घासलेल्या नाण्यात हेच उलटे दिसते. मोकळा भाग व उंचवटे उजळ, तर अक्षरांच्या कोपऱ्यांत काळा मळ किंवा पुडीचे पांढरट कण अडकलेले. ज्या गृहिणीने नक्षीचा तांब्या घासला आहे तिला हे सांगावे लागत नाही. नक्षीच्या खोबणीत हात पोचत नाही, हे ती जाणते.

चौथा प्रश्न : लाल म्हणजे कोणते लाल? टाकसाळीतून निघालेल्या तांब्याचा रंग नारिंगीकडे झुकणारा, उबदार असतो. आम्लात बुडवून काढलेल्या तांब्याचा रंग फिकट गुलाबी, निस्तेज दिसतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की डोळा हा भेद विसरत नाही.

शेवटी भिंग लावावे. घासल्याच्या रेषा सपाट भागावर समांतर किंवा एकमेकींना छेदणाऱ्या दिसतात आणि अक्षराच्या भिंतीशी येऊन थांबतात, कारण फडके कोपऱ्यात शिरत नाही. त्या धातूत खोल गेलेल्या असतात. टाकसाळीतील कारागिराने ठसाच घासून गुळगुळीत केला असेल तर त्याच्याही रेषा नाण्यावर येतात; पण ठशावरील खाच नाण्यावर उंचवटा होऊन उतरते, म्हणून त्या रेषा उठावदार असतात. खाच आणि उठाव यांतील हा फरक न पाहता चांगले नाणे घासलेले म्हणून नाकारले जाते, हेही घडते.

लाल तेच चांगले, असे नाही

नाण्यांचे प्रतवारी करणारे तज्ज्ञ न वापरलेल्या तांब्याच्या नाण्याचे लाल, लाल-तपकिरी व तपकिरी असे तीन वर्ग करतात. प्रचलित प्रथेनुसार मूळ लाली सुमारे ९५ टक्के वा अधिक असेल तर पहिला वर्ग, ५ टक्क्यांहून कमी असेल तर तिसरा, व मधले सारे दुसऱ्या वर्गात. किमतीतील तफावत याच वर्गांवरून पडते, आणि म्हणूनच तपकिरी नाणे लाल करण्याचा मोह विक्रेत्यालाही होतो व घरच्या हौशी माणसालाही. परंतु जाणकाराच्या हाती गेल्यावर कृत्रिम लाल नाण्याला प्रामाणिक तपकिरी नाण्याएवढेही मोल उरत नाही.

किंबहुना काही नाणी लाल असणे हेच संशयाचे कारण असते. इंग्लंडमध्ये फार्दिंग हे अगदी लहान मूल्याचे काशाचे नाणे १८९७ ते १९१७ या काळात टाकसाळीतच मुद्दाम काळवंडवून बाहेर पाठवले जात असे, कारण नवे लखलखीत फार्दिंग सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखे दिसे व लोक फसत. त्या काळातील एखादे फार्दिंग आज सोन्यासारखे चमकत असेल तर त्याचे मूळ पुट कोणी तरी उतरवलेले आहे, असा तर्क करता येतो. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टन यांची वाफेवर चालणारी टाकसाळ होती. मुंबई इलाख्यासाठी १७९१ चे तराजूच्या चित्राचे पैसे याच टाकसाळीत पाडले गेले. त्या तराजूच्या पारड्यांमधे फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द आहे. सोहोतील काही खास नमुना नाण्यांना मुद्दाम चॉकलेटी रंग दिला जाई. ते पुट काढणे म्हणजे टाकसाळीचेच काम पुसणे होय.

तांब्याचे काय होईल हे त्याच्या वयापेक्षा त्याच्या निवाऱ्यावर अधिक अवलंबून असते, याचा एक विलक्षण पुरावा समुद्राने जपून ठेवला होता. जानेवारी १८०९ मध्ये ‘ॲडमिरल गार्डनर’ हे कंपनीचे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील गुडविन वाळूपट्ट्यावर आदळून बुडाले. त्यात मद्रास इलाख्यासाठी सोहो येथे पाडलेली १८०८ सालची ‘कॅश’ नावाची तांब्याची नाणी होती. ती १९८० च्या दशकात वर काढण्यात आली. खाऱ्या पाण्याचा थेट स्पर्श झालेली नाणी खडबडीत व खड्डे पडलेली निघाली. पिंपातील मेणासारख्या आवरणात सुरक्षित राहिलेल्यांवर मात्र पावणेदोनशे वर्षांनंतरही टाकसाळीचा तजेला होता. एकच टाकसाळ, एकच साल, एकच जहाज; फरक केवळ आवरणाचा.

शिवराईला ही कसोटी लावू नये

महाराष्ट्रातील घरांत शिवराई आढळण्याचा संभव बराच असतो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे नाणे हाताने ठोकून पाडलेले आहे, आणि पुढे पेशवाईतही शिवराया निघत राहिल्या. चकती वेडीवाकडी, अक्षरे अर्धी चकतीबाहेर गेलेली, आणि पुष्कळदा नाणे दीर्घकाळ जमिनीत राहिलेले. येथे झळाळी शोधण्यात अर्थ नाही. येथे पाहायचे ते पुट. तपकिरी, काळपट किंवा गडद हिरवे पुट घट्ट, गुळगुळीत व सलग असेल तर ते नाण्याचे कवच आहे. अक्षरे त्या पुटातच टिकलेली असतात. ते खरवडून काढले की खाली तांबे लागते, पण अक्षर राहत नाही.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. फिकट हिरवी, भुसभुशीत, नखाने पूड होणारी बुरशीसारखी ठिपकी दिसली तर तो साधा कळंक नव्हे. क्षार आणि दमट हवा यांच्यामुळे धातू आतून पोखरला जात असल्याचे ते लक्षण आहे, आणि मुंबई-कोकणच्या हवेत तो वाढतच राहतो. असे नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करून कोरड्या डबीत ठेवावे व जाणकारास दाखवावे. शेतात वा पाया खणताना नाणी सापडली असतील तर आणखी एक कर्तव्य आहे : १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तसेच शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात, म्हणून ती भेट म्हणून परदेशातील आप्तांकडे पाठवू नयेत.

साठवण आणि सौदा

बँकेच्या नोकरीत लॉकर विभागाचे काम पाहताना एक दृश्य मी अनेकदा पाहिले. मालकाच्या निधनानंतर वारस लॉकर उघडीत. आतून प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्या निघत, आणि त्यांत रबरबँडने बांधलेल्या नाण्यांच्या चळती. रबर वितळून चिकटलेले, आणि जेथे जेथे ते टेकले तेथे तांब्यावर काळा पट्टा. रबरातील गंधकाचे हे काम. मऊ प्लॅस्टिकमधून कालांतराने चिकट द्रव सुटतो, त्याचा हिरवा थर नाण्यावर बसतो. ज्या वडिलांनी लोखंडी दारामागे ती नाणी चोरापासून जपली, त्यांच्याच हातच्या रबराने ती डागाळली होती. वाटणीस बसलेली भावंडे त्या डागांकडे पाहत आणि पहिला विचार येई तो घासण्याचा. मी एवढेच सुचवीत असे की वाटणी आधी करा, घासणे कधीच करू नका.

साठवणीचे नियम थोडे आहेत. प्रत्येक नाणे स्वतंत्र, गंधकविरहित कागदी पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या कडक पारदर्शक आवरणात असावे. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी व पावसाळ्यापूर्वी ती बदलावी. चिकट थर बसलेला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे काही वेळ बुडवून, न घासता, सुकू द्यावे. ॲसिटोन तांब्याला अपाय करीत नाही, पण ते ज्वालाग्राही असल्याने स्वयंपाकघरात किंवा समईजवळ हा प्रयोग करू नये. याहून अधिक काही करण्याची इच्छा झाली तर नाणे पाकिटात परत ठेवावे.

विकत घेताना छायाचित्रावर विसंबू नये. प्रखर प्रकाशात काढलेल्या स्थिर चित्रात झळाळी व चकाकी एकसारख्याच दिसतात. विक्रेत्याला नाणे दिव्याखाली कलते करून फिरवल्याचे चित्रीकरण मागावे. प्रामाणिक विक्रेता ते आनंदाने देतो. राम-दरबार किंवा हनुमान यांच्या प्रतिमा, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरे व १६१६, १७१७, १८१८ अशी वर्षे असलेली जी लखलखीत ‘नाणी’ लाखो रुपयांच्या आमिषाने दाखवली जातात, ती कंपनीने पाडलेली नव्हेत. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क वा कर मागणारे लोकही असतात. आपण अशा व्यवहारात पडत नाही व कोणास तसा अधिकारही दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

तांब्याचा पृष्ठभाग हा सहीसारखा असतो, दोन नाण्यांचा कधी एक नसतो, हे सिद्ध करणारी एक घटना सांगतो. नाण्यांची १ ते ७० अशी जी प्रतवारी आज जगभर चालते, ती विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले की न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातील उत्तम सेंट त्याने काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते. साल तेच, ठसाही तोच. तरीही चोरी पकडली गेली ती संग्रहाची जुनी छायाचित्रे ताडून पाहिल्यामुळे. प्रत्येक नाण्यावरील ठिपका, डाग व रंगाची छटा आपापली साक्ष देत होती. ती नाणी मधल्या काळात कोणी घासून एकसारखी केली असती तर ती साक्षच उरली नसती.

तेव्हा या दिवाळीत डबा उघडाल तेव्हा एक काम अवश्य करा. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने दोन ओळी लिहा : नाणे कोणाकडून आले, आणि ते आजवर घासलेले नाही. खतावणीतील नोंदीला तपशील नसेल तर रक्कम बरोबर असूनही लेखापरीक्षक ती मान्य करीत नाही. तुमच्या नातवंडांच्या हाती तो डबा येईल तेव्हा तपकिरी पैसा आणि त्या दोन ओळी एवढे त्यांना पुरेसे आहे.

पुढील लेखात निकेलच्या एक आण्याविषयी.